विद्यार्थिकेंद्री शिक्षण आणि शिक्षकांचे शिकण्याचे कार्यक्रम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिक्षकांच्या कार्यशाळा घेताना, आणि त्याहून जास्त वेळा मागच्या बाकावर बसून त्या ऐकताना, जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर पडले ते इथे घेतले आहेत. क्रमानं वाचायची गरज नाही. घाईत असाल तर 'एका दिवसाच्या कार्यशाळेनं काही बदलतं का' हा प्रश्न तेवढा वाचा.

'विद्यार्थिकेंद्री' म्हणजे शिक्षकानं शिकवायचंच नाही का?

शिकवायचं, भरपूर शिकवायचं. फक्त पुढे काय शिकवायचं हे ठरवताना पुस्तकाचं पुढचं पान उलटण्याआधी मुलांच्या डोक्यात आत्ता काय आहे ते बघायचं. १/३ आणि १/४ यांची बेरीज एखाद्या मुलीनं २/७ लिहिली, तर लाल फुली मारून पुढे जाणं सोपं असतं. पण तिनं अंशात अंश आणि छेदात छेद मिळवला आहे, म्हणजे अपूर्णांक ही एकच संख्या असते हे तिला अजून पटलेलं नाही. उद्याचा तास या माहितीवर बेतला तर तो विद्यार्थिकेंद्री. मग त्यात तुम्ही फळ्यासमोर उभं राहून वीस मिनिटं बोललात तरी हरकत नाही.

उलट बाकं गोल मांडली, भिंतीवर रंगीत तक्ते लावले, मुलांचे गट पाडले आणि प्रश्न मात्र 'रिकाम्या जागा भरा' एवढाच दिला, तर बदललं ते फर्निचर. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूई यांचं नाव या विचाराशी कायम जोडलं जातं, पण प्रत्येक अनुभवातून शिक्षण होतंच असं नाही, हे त्यांनीच १९३८ साली पुरोगामी शाळांना बजावलं होतं. नवशिक्याला पायरीपायरीनं सोडवून दाखवलेल्या उदाहरणांचा मोठा फायदा होतो, हेही जॉन स्वेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकापासून बीजगणितासारख्या विषयांत दाखवून दिलं आहे. 'मुलांना सगळं स्वतःचं स्वतः शोधू द्या' असं सांगणारा वक्ता भेटला तर त्याला एवढंच विचारा : ज्याला सुरुवातच सापडत नाही, त्या मुलानं तासभर काय करायचं?

कार्यशाळा, परिषद, अभ्यासगट... यांत फरक काय? कुठे जावं?

परिषदेत माणसं भेटतात आणि नव्या कल्पनांची तोंडओळख होते. त्यापलीकडे तिच्याकडून अपेक्षा ठेवू नये. कार्यशाळेत एखादी गोष्ट हातानं करून बघायला मिळते, निदान मिळायला हवी. अभ्यासगट म्हणजे तेच चार-सहा जण वर्षभर ठरावीक दिवशी भेटून आपापल्या वर्गातल्या एका प्रश्नावर काम करतात. दिसायला हा प्रकार सगळ्यांत साधा. फ्लेक्स नाही, पाहुणे नाहीत. पण मला विचाराल तर सगळ्यांत जास्त काम इथेच होतं.

आणखी एक प्रकार गेल्या काही वर्षांत रुजला आहे. आधी ठरवलेले वक्ते नाहीत, सकाळी भिंतीवर वेळापत्रकाचा कोरा तक्ता, आणि ज्याला जे विचारायचं किंवा मांडायचं आहे त्यानं त्यावर चिठ्ठी लावायची. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात २०१० साली शिक्षकांनी अशी पहिली 'एडकॅम्प' भरवली आणि मग ती पद्धत पसरत गेली. तिच्या मुळाशी हॅरिसन ओवेन यांची १९८०च्या दशकातली 'ओपन स्पेस' पद्धत आहे, आणि तिच्यातला दोन पायांचा नियम मला फार आवडतो : बसलात तिथे तुम्ही शिकतही नसाल आणि कुणाला काही देतही नसाल, तर उठा आणि दुसऱ्या खोलीत जा. कोणी राग मानायचा नाही. नेहमीच्या प्रशिक्षणात हा नियम लागू केला तर काय होईल, याची कल्पना मी कंटाळवाण्या सत्रांत बसून बऱ्याचदा केली आहे.

एका दिवसाच्या कार्यशाळेनं खरंच काही बदलतं का?

नुसत्या त्या दिवसानं, फारसं नाही.

याचं एक कारण आपल्या लहानपणात आहे. डॅन लॉर्टी या समाजशास्त्रज्ञानं १९७५ साली हिशोब मांडला होता की शालेय शिक्षण संपेपर्यंत विद्यार्थी साधारण १३,००० तास शिक्षकांच्या सहवासात घालवतो. म्हणजे शिक्षक होण्याच्या कितीतरी आधी आपण शिकवणं बघून बघून 'शिकलेलो' असतो. वर्गात गोंधळ वाढला, तास संपत आला की तोंडातून आपल्याच जुन्या बाईंचं किंवा सरांचं वाक्य बाहेर पडतं ते उगाच नाही. त्या तासांपुढे सहा तासांची कार्यशाळा किती पुरी पडणार?

दुसरं कारण जरा तांत्रिक आहे. ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी १९८०च्या दशकात शिक्षक-प्रशिक्षणाचे टप्पे तपासले : आधी सिद्धांत सांगणं, मग करून दाखवणं, मग सराव, मग वर्गात जाऊन सोबत करणं. पहिल्या दोन टप्प्यांनी माणसाला गोष्ट कळते, पण ती वर्गात उतरते शेवटच्या टप्प्यामुळे, असं त्यांना आढळलं. आणि बहुतेक कार्यक्रम नेमके दुसऱ्या टप्प्याशी आटोपतात.

तासांचं गणितही आहे. २००७ साली अमेरिकेत झालेल्या एका आढाव्यात १३०० हून अधिक अभ्यास चाळले गेले आणि कडक निकषांना उतरले फक्त नऊ. त्या नवांत, चौदा तासांहून जास्त चाललेल्या प्रशिक्षणांचा मुलांच्या शिकण्यावर चांगला परिणाम दिसला, त्याहून कमी तासांच्या प्रशिक्षणांचा म्हणावा तसा दिसला नाही. हे वाचून कुणी लगेच पाच दिवसांचं निवासी शिबिर भरवू नये. नंतरच्या काही अभ्यासांत भरपूर तास देऊनही मुलांच्या गुणांत फरक पडला नाही. तास लागतातच, पण ते पसरलेले हवेत, आणि दोन भेटींच्या मध्ये वर्ग यायला हवा.

म्हणून कार्यशाळेहून परतल्यावरचा पंधरवडा महत्त्वाचा. टिपणवही कपाटात ठेवण्याआधी तीन गोष्टी ठरवा : कोणत्या एका वर्गात, कोणता एकच बदल, आणि कोणत्या एका सहकाऱ्याला त्याबद्दल सांगणार. सहा बदल एकदम करणारे शिक्षक मी पाहिले आहेत. महिन्याभरात ते पुन्हा पहिल्यासारखे शिकवत होते, आणि वर 'हे सगळं कागदावर ठीक आहे' असं म्हणायला मोकळे झाले होते.

माझा यावर विश्वासच नाही. तरी यावं का?

या. थॉमस गस्की यांनी १९८६ साली एक उलटा वाटणारा विचार मांडला : शिक्षकाचं मत आधी बदलतं आणि मग वागणं, असं सहसा होत नाही. तो काहीतरी करून बघतो, मुलं वेगळी वागताना दिसतात, आणि मग मत बदलतं. म्हणजे विश्वास नसणं हा अडथळा नाही, करून न बघणं हा आहे. शंकेखोर माणसं गटात असली की सुलभकालाही (म्हणजे कार्यशाळा घेणाऱ्यालाही) जपून बोलावं लागतं, ते वेगळंच.

जाहिरातीवरून चांगला कार्यक्रम कसा ओळखावा?

विषयाचं नाव बघा. 'एकविसाव्या शतकातील आनंददायी अध्यापन' यापेक्षा 'सहावीच्या मुलांना परिच्छेद लिहायला शिकवताना' हे नाव दहापट बरं. सोबत मुलांच्या वह्या किंवा उत्तरपत्रिका आणायला सांगितल्या असतील तर निर्धास्त जा. पुढची भेट आधीच ठरलेली असेल तर आणखी उत्तम.

आणि दोन गोष्टी दिसल्या की सावध व्हा. पहिली, मुलांची 'दृश्य', 'श्राव्य' आणि 'कृतिशील' अशी विभागणी करून प्रत्येकाला त्याच्या शैलीनं शिकवा, असा सल्ला. २००८ साली हॅरल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी यामागचा पुरावा तपासला आणि अशा जुळवाजुळवीनं शिकणं सुधारतं असं म्हणण्याजोगं फारसं काही त्यांना सापडलं नाही. दुसरी, तो प्रसिद्ध त्रिकोण : 'आपण वाचलेलं १० टक्के, ऐकलेलं २० टक्के आणि केलेलं ९० टक्के लक्षात राहतं'. तो एडगर डेल यांच्या नावावर खपवला जातो. डेल यांनी १९४६ साली अनुभवांचा शंकू काढला होता हे खरं, पण त्यात टक्केवारी नव्हतीच. ती नंतर कुणीतरी चिकटवली. इतके गोल गोल आकडे कुठल्याही खऱ्या प्रयोगातून निघत नाहीत, एवढा संशय तरी गणिताच्या शिक्षकांना यायला हवा होता.

'मुलांना बोलू द्या' हे सांगायला आम्हाला सहा तास भाषण का ऐकवतात?

याला माझ्याकडे बचाव नाही. शिक्षकांचं प्रशिक्षण हाही एक वर्गच आहे, आणि तिथे पूर्वज्ञान न विचारता पीपीटी सुरू होत असेल तर आपण शिकवतोय एक आणि दाखवतोय दुसरं.

पण याच्या उलट टोकाचाही त्रास आहे. पंचवीस वर्षं शिकवलेल्या बाईंना टाळ्यांचे खेळ खेळायला लावणं, प्रत्येक सत्रात चार्टपेपर आणि स्केचपेन वाटणं, आणि शेवटी गटानं केलेलं सादरीकरण कुणी न वाचता गुंडाळून ठेवणं, यालाही सहभाग म्हणता येत नाही. मोठ्यांना त्यांच्या खऱ्या अडचणीवर काम द्यावं. एका मुलाची वही समोर ठेवून 'याला उद्या काय सांगाल?' असं विचारलं की कुणाला जांभई येत नाही.

माझ्या वर्गाचा पट मोठा आहे. तिथे हे कसं जमणार?

ही सबब नसते. साठ मुलांच्या वर्गात दहा गट फिरून बघणं एका माणसाला अवघडच आहे. म्हणून गटकार्यापासून सुरुवात करू नका.

प्रश्न विचारल्यावर थांबण्यापासून करा. मेरी बड रो यांनी विज्ञानाच्या तासांचं ध्वनिमुद्रण ऐकून मोजलं, तेव्हा शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एखादाच सेकंद थांबतात असं निघालं. तो वेळ तीन सेकंदांवर नेला की मुलांची उत्तरं लांबली, 'माहीत नाही' कमी झालं, आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलू लागली. तीन सेकंद ऐकायला किरकोळ वाटतात. वर्गासमोर उभं राहून एकदा थांबून बघा, घाम फुटतो.

त्यानंतरची पायरी म्हणजे आधी एकट्यानं विचार, मग शेजाऱ्याशी बोलणं, मग सगळ्यांसमोर मांडणं. फ्रँक लायमन यांनी १९८१ साली मांडलेल्या या पद्धतीला बाक हलवावा लागत नाही. आणि तास संपताना पाठकोऱ्या कागदाच्या चिठोऱ्यावर एका प्रश्नाचं उत्तर लिहून घ्या. सगळ्या चिठ्ठ्या तपासत बसायचं नाही. 'जमलं', 'अर्धवट' आणि 'गाडी चुकली' असे तीन ढीग करायचे. दहा मिनिटांत होतं आणि उद्याचा तास कुठून सुरू करायचा ते कळतं.

आणि अभ्यासक्रम कधी संपवायचा?

शिकवून संपवलेला आणि मुलांना आलेला अभ्यासक्रम यात फरक असतो, हे परीक्षेच्या आठवड्यात आपण सगळेच बघतो. तरीही काळजी खरी आहे. म्हणून सगळे घटक असे शिकवू नका. ज्या दोन-तीन घटकांवर पुढचं सगळं अवलंबून आहे, तिथे वेळ खर्च करा, आणि बाकीचे नेहमीसारखे घ्या.

'लेसन स्टडी' हा शब्द सारखा ऐकू येतो. ते काय असतं?

जपानमध्ये शंभराहून अधिक वर्षं चालत आलेली ही पद्धत आहे, तिथे तिला 'जुग्यो केन्क्यू' म्हणतात. १९९९ साली जेम्स स्टिगलर आणि जेम्स हीबर्ट यांनी निरनिराळ्या देशांतल्या गणिताच्या तासांची तुलना प्रसिद्ध केली, तेव्हापासून जपानबाहेर तिचा बोलबाला झाला.

चार ते सहा शिक्षक मिळून एकच पाठ तयार करतात. त्यात बराच वेळ जातो, कारण टाचणात एक रकाना असा असतो जो आपण सहसा भरत नाही : मुलं इथे काय काय उत्तरं देतील? बरोबरही आणि चुकीचीही. सुरुवातीच्या अपूर्णांकाच्या उदाहरणात २/७ येणार हे आधी लिहिलेलं असतं, आणि ते आलं की कागदाची पट्टी दाखवायची की संख्यारेषा, यावर वाद झालेला असतो. मग एक जण तो पाठ खऱ्या वर्गात घेतो आणि बाकीचे बघतात.

काय बघतात, यात खरी मेख आहे. शिक्षकाकडे बघायचं नाही, मुलांकडे बघायचं. एकेका निरीक्षकानं दोन-तीन मुलं वाटून घ्यायची, त्यांनी काय खोडलं, कुणाच्या वहीत डोकावलं, कुठे पेन थांबलं हे टिपायचं. मुलांना मदत करायची नाही, आणि शिक्षकी पेशातल्या माणसाला हे भयंकर जड जातं. माझा हात पहिल्याच वेळी खोडरबरापर्यंत गेला होता.

नंतरच्या चर्चेत पाठ घेणारा आधी बोलतो, मग निरीक्षक आपल्या नोंदी वाचतात. पाठ सगळ्यांनी मिळून केलेला असतो, त्यामुळे फसला तर सगळ्यांचाच फसतो. मग त्यात सुधारणा होते, आणि बऱ्याचदा दुसऱ्या वर्गात तो पुन्हा घेतला जातो. वर्षात असे दोन पाठ झाले तरी पुष्कळ.

सहकाऱ्यांना माझ्या तासाला बसू द्यायची भीती वाटते.

साहजिक आहे. वर्गात दुसरं मोठं माणूस येतं ते तपासणीला, असाच बहुतेकांचा अनुभव असतो. म्हणून सुरुवात उलटी करा, आधी तुम्ही दुसऱ्याच्या तासाला बसा. बोलावताना काम नेमून द्या : 'मागच्या रांगेतल्या तिघांना सूचना कळते का, तेवढं बघा.' काय बघायचं ते तुम्ही ठरवलं की परीक्षक पाहुणा होतो.

बोलण्यालाही चौकट लागते. १९९०च्या दशकात अमेरिकेतल्या शिक्षकगटांनी अशा चौकटी रूढ केल्या. त्यातली एक सोपी आहे : शिक्षक आपली अडचण मांडतो, बाकीचे फक्त खुलाशाचे प्रश्न विचारतात, आणि मग तो गप्प बसून त्यांची आपसातली चर्चा ऐकतो. मधे बोलायचं नाही, समर्थन द्यायचं नाही. दहा मिनिटं गप्प बसून आपल्या वर्गाबद्दल ऐकणं विचित्र वाटतं, पण 'हो, पण आमच्याकडे ना...' हे वाक्य त्यामुळे टळतं.

निरीक्षणाच्या या नोंदी कुणाच्याही गोपनीय अहवालात जाणार नाहीत, हे मुख्याध्यापकांनी सगळ्यांसमोर सांगायला हवं. ते सांगायला तयार नसतील तर हा उपक्रम करू नका.

ऑनलाइन कार्यक्रमांचा उपयोग होतो का?

माहितीसाठी होतो. सरावासाठी कमी. कॅमेरे बंद करून दोनशे जण एका वेबिनारला बसले आहेत आणि शेवटच्या पाच मिनिटांत प्रमाणपत्राची लिंक येते, हा प्रकार सगळ्यांनाच माहीत आहे. पण एकाच विषयाचे चार शिक्षक आपल्या तासाची दहा मिनिटांची चित्रफीत एकत्र बघत असतील तर ऑनलाइन भेट छान चालते, आणि एरवी कधी भेटले नसते असे चौघे त्यात एकत्र येतात. चित्रफितीत मुलं दिसत असतील तर पालकांची परवानगी घ्या आणि ती गटाबाहेर जाऊ देऊ नका.

आमचा शिक्षकांचा समूह आहे, पण त्यावर फक्त सुविचार आणि पीडीएफ येतात.

म्हणजे तो पत्त्यांचा संग्रह आहे, समूह अजून व्हायचाय. जीन लेव्ह आणि एतिएन वेंगर यांनी १९९१ साली 'कम्युनिटी ऑफ प्रॅक्टिस' ही कल्पना मांडली. वेंगर यांच्या मते अशा समूहाला तीन गोष्टी लागतात : समान विषय, एकमेकांशी नातं, आणि सगळ्यांनी मिळून घडवत नेलेलं काम. तुमच्याकडे बहुधा तिसरी गोष्ट नाही. एक करून बघा. आठवड्यातून एक दिवस ठरवा आणि त्या दिवशी फक्त एका विद्यार्थ्याच्या उत्तराचा फोटो, नाव झाकून, आणि त्याखाली 'इथे तो काय विचार करत असेल?' एवढा प्रश्न. पहिले दोन आठवडे कोणी बोलणार नाही. तिसऱ्या आठवड्यात स्वतःच्या फसलेल्या तासातलं उत्तर टाका, मग बोलतील.

कार्यक्रमाचा परिणाम झाला, हे कसं कळायचं?

जाताना भरून घेतलेल्या अभिप्रायावरून नाही. सभागृह थंड होतं आणि वक्ता हसवणारा होता, एवढ्यावर 'अतिशय उपयुक्त' मिळतं. गस्की यांनीच २००० साली मूल्यमापनाचे पाच स्तर सांगितले : सहभागींना कसं वाटलं, ते काय शिकले, शाळेनं पाठिंबा दिला का, वर्गात वापरलं का, आणि मुलांवर काय परिणाम झाला. आखणी करताना मात्र शेवटून सुरुवात करावी. मुलांमध्ये नेमकं काय बदललेलं दिसायला हवं, ते आधी लिहायचं. ते लिहिता येत नसेल तर हॉल बुक करण्याची घाई करू नये.

तिसऱ्या स्तराकडे कुणाचं लक्ष जात नाही. शिक्षक शिकून आले, उत्साहानं करायला गेले, आणि वर्ग शांत नाही म्हणून बोलणी खाल्ली, असं किती जणांचं झालं असेल! मुख्याध्यापकांनी निदान पहिल्या सत्राला बसावं, ते यासाठी.

आम्ही चौघं-पाचजण तयार आहोत. पहिल्या बैठकीत काय करायचं?

दीड तास पुरतो. प्रत्येकानं एकाच घटकावरच्या पाच वह्या आणायच्या, पण निवडून आणलेल्या सुंदर वह्या नकोत. हजेरीपटावरचा दर सहावा क्रमांक घ्या. पहिली पंधरा मिनिटं कुणीही न बोलता वह्या बघायच्या. मग फक्त जे दिसतं ते सांगायचं. 'आळशी आहे', 'घरी लक्ष देत नाहीत' हे शब्द त्या दिवसापुरते बंद. 'तिसऱ्या ओळीनंतर चिन्ह बदलायचं राहिलं आहे' हे चालेल. त्यानंतर अर्धा तास एकाच प्रश्नावर : या मुलानं असं का लिहिलं असेल? इथे वाद होऊ द्या. शेवटी प्रत्येकानं येत्या आठवड्यात आपल्या तासात काय वेगळं करणार ते एका वाक्यात लिहून शेजाऱ्याकडे द्यायचं, स्वतःकडे ठेवायचं नाही.

पुढची तारीख उठण्याआधी ठरवा, पंधरा दिवसांच्या आतली. आणि वह्या त्याच दिवशी शाळेत परत न्या; दुसऱ्या दिवशी पहिल्याच तासाला मुलं त्या मागतात.